भरतीच्या वेळापत्रकावर अंदमान

अंदमानला जाणाऱ्या मराठी माणसाची सहल बहुतेक वेळा सेल्युलर जेलपासून सुरू होते. १९११ ते १९२१ या काळात सावरकर जिथे बंदिवासात होते ती कोठडी पाहायची, संध्याकाळचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम पाहायचा आणि दुसऱ्या दिवशी बोटीने हॅवलॉक गाठायचे, हा क्रम आता ठरून गेला आहे. स्नॉर्केलिंगलाही या क्रमात जागा असते, पण ती उरलेल्या वेळातली. दुपारच्या जेवणानंतरचा अर्धा तास त्याच्या वाट्याला येतो. चाळीस जणांचा गट एलिफंट बीचवर उतरतो, प्रत्येकाच्या गळ्यात भगवे लाईफ जॅकेट अडकवले जाते, कुणाचा तरी ओला मास्क घाईघाईने तोंडावर चढतो आणि गाईड रबरी रिंगेला धरून पाच-सहा जणांना ओढत नेतो. नाकात पाणी जाते, काच धुकटते, खाली काहीतरी पिवळे हलल्यासारखे वाटते. तेवढ्यात पुढच्या गटाची पाळी येते.

यात दोष ना पर्यटकाचा, ना गाईडचा. सहल आखताना विमान, हॉटेल आणि बोटीची तिकिटे आधी ठरतात आणि समुद्र शेवटी येतो. स्नॉर्केलिंगसाठी जायचे असेल तर हा क्रम उलटा करावा लागतो. आधी ऋतू, मग तिथी, मग दिवसातला प्रहर, आणि या तिन्हींवर तिकिटे बसवायची. अंदमानसारख्या ठिकाणी असे आखलेली आणि न आखलेली सहल यांत फार मोठे अंतर पडते.

ऋतूपासून सुरुवात करू. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात वर्तमानपत्रांत ‘मान्सून अंदमानात दाखल’ अशी बातमी येते. महाराष्ट्रातला शेतकरी त्या मथळ्याची वाट पाहत असतो. प्रवाळ पाहायला निघालेल्यासाठी मात्र हंगाम संपल्याची ती खूण. तिथून सप्टेंबरपर्यंत नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा पाऊस. तो सरतो न सरतो तोच ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचे दिवस येतात आणि परतीचे वारेही पाऊस आणतात. समुद्र खऱ्या अर्थाने निवळतो तो जानेवारी ते एप्रिल या काळात. फेब्रुवारी आणि मार्चमध्ये वारा पडलेला असतो, लाटा बारीक असतात आणि पाण्यातली माती खाली बसलेली असते.

इथेच मराठी कुटुंबांची अडचण होते. आपल्या शाळांच्या दोन मोठ्या सुट्ट्या दिवाळीच्या आणि मेच्या, म्हणजे नेमक्या या हंगामाच्या दोन्ही कडांवरच्या. दिवाळीत गेले तर वादळी हवेने बोट रद्द होण्याची धास्ती. मेच्या मध्यात गेले तर पाणी तापलेले, आकाश भरून आलेले. मुलांना घेऊन जायचे असेल तर परीक्षा संपताच, एप्रिलच्या उत्तरार्धात निघणे बरे. नाहीतर नाताळच्या सुट्टीत, पावसाची थोडी जोखीम पत्करून. शाळेचे बंधन नसलेल्यांनी, निवृत्त जोडप्यांनी आणि तरुण मित्रमंडळींनी फेब्रुवारी-मार्च सोडून दुसरा महिना मनात आणू नये.

ऋतूनंतर तिथी. कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण येते, पाणी खूप चढते आणि तितकेच उतरते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, चढ-उतार थोडा आणि ओढही कमी. प्रवाळाच्या उथळ पठारावर या फरकाला फार महत्त्व आहे. उधाणाच्या ओहोटीला पठारावर गुडघाभरही पाणी राहत नाही. अशा वेळी उतरले तर पोट घासते, हात खरचटतात आणि माणसापेक्षा जास्त इजा प्रवाळाला होते. भरती पूर्ण होण्याच्या आधीचा आणि नंतरचा तास-दीड तास उत्तम. तेव्हा वर पुरेसे पाणी असते, बाहेरून आलेले स्वच्छ पाणी खाडीत भरलेले असते आणि ओढ मंदावलेली असते. पहिल्यांदाच उतरणाऱ्याने भांगाचे दिवस निवडले तर अर्धी भीती तिथेच जाते.

तिथीला पाऊणपट केले की भरतीची वेळ मिळते, हा कोकणातला जुना हिशेब. चतुर्थीला तीन वाजता, पंचमीला पावणेचारला. अंदमानात तो जसाच्या तसा लावू नये, कारण प्रत्येक किनाऱ्याची भरती आपापल्या वेळी येते. सर्व्हे ऑफ इंडिया दरवर्षी बंदरांची भरती-ओहोटीची कोष्टके प्रसिद्ध करते, त्यातले पोर्ट ब्लेअरचे पान पाहावे. पण हिशेबातले तत्त्व सगळीकडे लागू पडते. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. सोमवारी सकाळी आठला भरती असेल तर गुरुवारी ती साडेदहाच्या सुमारास येईल. म्हणजे सोमवारी हॅवलॉकला पोहोचून धावपळ करण्यापेक्षा सोमवार-मंगळवार जेल, संग्रहालय आणि रॉस बेटाला द्यावे आणि पाण्याचे दिवस गुरुवार-शुक्रवार धरावेत, एवढे घरबसल्या ठरवता येते. भिंतीवरचे कालनिर्णय आणि भरतीचे कोष्टक शेजारी ठेवून बसलेल्या माणसाची सहल तिथेच निम्मी सुधारते.

तिसरी गोष्ट प्रहराची, आणि ती अंदमानात नवख्याला हमखास चकवते. ही बेटे मुंबईच्या पूर्वेला सुमारे २० रेखांशांवर आहेत. घड्याळ मात्र सगळीकडे एकच, भारतीय प्रमाणवेळेचे. त्यामुळे इथला सूर्य मुंबईपेक्षा साधारण ऐंशी मिनिटे आधी डोक्यावर येतो. हिवाळ्यात साडेपाचच्या सुमारास उजाडते आणि संध्याकाळी पाच-साडेपाचला मावळते. मध्यान्ह बाराला होत नाही, साडेअकराच्या आतच होते. मुंबईच्या सवयीने न्याहारी करून अकराला बाहेर पडणारा पर्यटक जेवून तीनला पाण्यात उतरतो, तेव्हा ऊन तिरपे झालेले असते. तिरप्या उन्हाचा बराच भाग पाण्याच्या पृष्ठभागावरून परत जातो आणि खालचे रंग मळकट दिसतात. इथे स्नॉर्केलिंगची वेळ सकाळी आठ ते अकरा. भरती आणि ही वेळ ज्या दिवशी जुळते तो दिवस त्या आठवड्यातला सगळ्यात मोलाचा, आणि त्या दिवशी दुसरे काहीही ठेवू नये.

रंगांचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगायला हवी. स्कूबा न करता नुसते पृष्ठभागावर तरंगणाऱ्याला आपण काहीतरी कमी पाहतो आहोत असे वाटते. ते खरे नाही. पाणी प्रकाशातला लाल भाग सर्वांत आधी शोषते. पाचेक मीटर खाली गेले की लाल रंग जवळपास उरत नाही आणि दिव्याशिवाय सगळे निळसर-राखाडी दिसू लागते. तरंगणारा माणूस दोन-तीन मीटर खोलीवरचे प्रवाळ पाहत असतो, तिथे जांभळा, केशरी, तपकिरी सगळे शाबूत असते. प्रवाळालाही तोच उजेड हवा असतो. प्रवाळ म्हणजे चुन्याच्या घरात राहणारे बारके प्राणी. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ वाढते, ते उन्हावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देते. म्हणून खडकातला सर्वांत गजबजलेला भाग वरच्या काही मीटरांतच असतो. पंचाहत्तर वर्षांच्या आजींनाही तो दिसू शकतो, त्यांचे हृदय धडधाकट असेल आणि श्वास शांत असेल तर.

श्वासाचे प्रकरण मात्र वाटते तितके सोपे नाही. त्याची ओळख करून घ्यायला एलिफंट बीचइतकी योग्य जागा नाही; तिच्या नावातच हत्ती आहे.

अंदमानात लाकूडतोडीसाठी हत्ती आणले गेले. ओंडके ओढायचे काम एका बेटावर संपले की त्यांना दुसऱ्या बेटावर न्यायचे, आणि ते अनेकदा पोहतच जात. यातला राजन नावाचा हत्ती जगभर ओळखला गेला. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये बेटांवरच्या तोडीला आळा घातल्यावर राजन हॅवलॉकलाच राहिला आणि पाण्यात पोहतानाची त्याची छायाचित्रे देशोदेशी पोहोचली. २०१६ मध्ये, सहासष्टाव्या वर्षी तो गेला. त्या छायाचित्रांत अजस्र देह पाण्याखाली असतो, चार पाय चालल्यासारखे हलत असतात आणि सोंडेचे टोक तेवढे वर असते. अॅरिस्टॉटलने पाणबुड्यांच्या श्वास घेण्याच्या साधनांची तुलना हत्तीच्या सोंडेशी केली होती, ती याचमुळे.

पण हत्तीला जे जमते ते माणसाला का जमत नाही? हत्ती पोहतो तेव्हा त्याची फुप्फुसे पृष्ठभागाखाली सुमारे दोन मीटर असतात. त्या खोलीवर बाहेरचे पाणी छातीला दाबते, आणि सोंडेतून आत येणारी हवा मात्र पृष्ठभागावरच्या साध्या दाबाची असते. एवढ्या फरकात माणसाच्या फुप्फुसाभोवतीच्या आवरणातल्या बारीक रक्तवाहिन्या टिकणार नाहीत. आपल्या फुप्फुसांभोवती दोन पातळ पडदे असतात आणि त्यांच्यामध्ये थोडा द्रव असतो. हत्तीत ही मधली पोकळीच नाही. ती सैल पण चिवट ऊतीने भरलेली आणि पडदे जाड. शरीरशास्त्राच्या अभ्यासकांना हे वैचित्र्य जुन्या काळापासून ठाऊक होते. जॉन वेस्ट या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने २००१ च्या सुमारास त्याचा अर्थ लावला तो असा: ही रचना सोंडेने श्वास घेत पोहण्यासाठी आहे.

माणसाला अशी सोय नाही. म्हणूनच स्नॉर्केलची नळी वीतभर-दीड वीत लांब असते आणि कुणीही मीटरभर लांबीची नळी विकत नाही. मीटरभर खोलीवर पाण्याचा दाब छातीवर इतका असतो की श्वासाचे स्नायू थोड्याच वेळात हरतात. त्यात आणखी एक अडचण. सोडलेल्या श्वासाचा शेवटचा भाग नळीत राहतो आणि पुढच्या श्वासात तोच आधी आत जातो. माणूस शांतपणे एका श्वासात सुमारे अर्धा लिटर हवा घेतो. त्यातला साधारण दीडशे मिलिलिटर भाग घसा आणि श्वासनलिकेतच अडकून वाया जातो. नळी त्यात आणखी तेवढीच भर घालते. घाबरून उथळ, भरभर श्वास घेणारा माणूस जवळजवळ तीच ती शिळी हवा आत-बाहेर करत राहतो, त्याला अधिक गुदमरल्यासारखे होते आणि तो अधिक भरभर श्वास घेतो. यावर उपाय एकच, सावकाश आणि खोल श्वास. सोडताना पूर्ण सोडायचा.

ही सवय किनाऱ्यावरच्या पाच मिनिटांच्या सूचनांत लागत नाही. त्यासाठी निघण्याआधी महिनाभर गावातल्या जलतरण तलावावर जावे. पोहणे येत नसले तरी हरकत नाही; कठडा धरून, मास्क लावून, तोंड पाण्यात ठेवून दहा मिनिटे शांत श्वास घेता आला की मोठे काम झाले. मग नळीत मुद्दाम पाणी घेऊन एका जोरदार फुंकरीने ते बाहेर उडवायचे. मग मास्कमध्ये थोडे पाणी घेऊन, वरची कड कपाळाशी दाबून, मान जराशी वर करून नाकाने हवा सोडायची; पाणी खालून निघून जाते. या दोन गोष्टी हाताला बसलेल्या माणसाला समुद्रात नाकातोंडात पाणी गेले तरी घाबरण्याचे कारण उरत नाही. खऱ्या समुद्रात सराव करायचा असेल तर कोकणातले तारकर्ली-मालवण जवळ आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकांत हंगामात स्नॉर्केलिंग चालते आणि तारकर्लीला पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षणाची संस्था आहे. तिथले पाणी अंदमानइतके निवळशंख नसते, पण शिकायला ते चालते. उलट, थोड्या गढूळ पाण्यात शांत राहायला शिकलेला माणूस अंदमानच्या स्वच्छ पाण्यात अगदी निर्धास्त असतो.

मास्क शक्यतो स्वतःचा न्यावा. भाड्याचा मिळतो, पण चेहरे वेगवेगळे आणि मास्क एकाच मापाचे. दुकानात पारख सोपी आहे. पट्टा न लावता मास्क चेहऱ्याला टेकवायचा आणि नाकाने हलका श्वास आत घ्यायचा. हात सोडल्यावरही तो चिकटून राहिला तर तो आपला. काच टेम्पर्ड हवी आणि कड मऊ सिलिकॉनची. भरघोस मिशी असेल तर नाकाखालून पाणी झिरपते. तिथे थोडे व्हॅसलीन चोपडले की बरेचसे थांबते. नव्या काचेवर कारखान्यातून आलेला पातळ थर असतो, तो साध्या पांढऱ्या टूथपेस्टने आतून दोन-तीनदा घासून काढला नाही तर काच धुकटतच राहते. त्यानंतर दर वेळी उतरताना काचेवर थुंकी किंवा लहान मुलांच्या शाम्पूचा थेंब चोळून विसळायचे. चष्मा लागणाऱ्यांसाठी नंबरच्या काचांचे मास्क मिळतात. कॉन्टॅक्ट लेन्स लावून उतरू नये. मास्कमध्ये पाणी शिरले की लेन्सखाली जंतू अडकतात. पाण्यात वस्तू सुमारे एक-तृतीयांश मोठ्या आणि जवळ दिसतात, त्यामुळे कमी नंबर असणाऱ्याचे चष्म्याविनाही भागते.

संपूर्ण चेहरा झाकणारे मास्क अलीकडे खूप विकले जातात. नाकाने श्वास घेता येतो म्हणून नवख्याला ते सोयीचे वाटतात, पण त्यात हवेची साठून राहणारी जागा मोठी असते आणि अडचणीच्या वेळी ते झटकन काढता येत नाहीत. हवाई बेटांवर पर्यटकांच्या समुद्रातल्या मृत्यूंत स्नॉर्केलिंगचा वाटा सर्वांत मोठा आहे. तिथल्या अभ्यासातून जे पुढे आले ते धक्कादायक आहे: यातली बरीच माणसे पाय टेकतील अशा पाण्यात, हातपाय न मारता, कुणाच्या लक्षात न येता गेली. नळीतून श्वास ओढताना लागणारा जोर, आधीचा हृदयविकार आणि दमणूक या गोष्टी एकत्र आल्या की फुप्फुसांत पाणी साचू शकते, असे त्या अभ्यासकांचे म्हणणे. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, दमा किंवा फिट्स असणाऱ्याने निघण्याआधी डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. आणि प्रत्येकाने जोडीने उतरावे. धाप लागली तर नळी तोंडातून काढायची, उताणे व्हायचे आणि हात वर करायचा.

लाईफ जॅकेटची लाज वाटू देऊ नये. ते घातलेला माणूस पाय कमी मारतो, पाय कमी मारणाऱ्याला धाप लागत नाही आणि त्याचे पाय प्रवाळालाही लागत नाहीत. कपड्यांत जीन्स, सलवार, ओढणी काही चालत नाही. पाणी पिऊन ते जड होतात आणि पायांत गुंततात. पूर्ण बाह्यांचा लायक्राचा सदरा आणि तशीच घट्ट विजार सगळ्यात उत्तम. उन्हापासून पाठ वाचते, जेलीफिशचा स्पर्श टळतो आणि सनस्क्रीन फारसे लावावे लागत नाही. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही सनस्क्रीनमधली द्रव्ये प्रवाळाला घातक ठरतात म्हणून हवाईत १ जानेवारी २०२१ पासून त्यांच्या विक्रीवर बंदी आहे आणि पलाऊने त्याच्या वर्षभर आधी अशी बंदी लागू केली. अंदमानला जातानाही बाटलीवरची यादी वाचायला हरकत नाही.

आता जागा. पोर्ट ब्लेअरचे नाव २०२४ पासून श्री विजयपुरम झाले आहे, आणि हॅवलॉकचे स्वराज द्वीप, नील बेटाचे शहीद द्वीप हे २०१८ च्या अखेरीस झाले. तिकिटांवर नवी नावे दिसतात, नावाड्यांच्या तोंडी जुनीच आहेत. एलिफंट बीचला हॅवलॉकच्या धक्क्यावरून बोटीने वीसेक मिनिटे लागतात, किंवा जंगलातून चालत जाता येते. किनाऱ्यावर प्रचंड झाडांचे वाळलेले बुंधे आडवे पडलेले दिसतात. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपाने दक्षिण अंदमानची जमीन सुमारे मीटरभर खचली, समुद्र आत आला आणि काठावरची झाडे मेली. त्याच भूकंपाने उत्तरेकडची काही बेटे मीटर-दीड मीटर वर उचलली आणि तिथले शतकानुशतके वाढलेले प्रवाळ एका दिवसात पाण्याबाहेर येऊन वाळले. इथला किनारा किती जिवंत आणि किती अस्थिर आहे हे त्या बुंध्यांकडे पाहून समजते. पहिल्या बोटीने जावे. साडेदहानंतर जेट स्कीची घरघर सुरू होते आणि गर्दीच्या पायांनी वाळू ढवळली जाते.

नील बेट छोटे आहे आणि तिथे भरती-ओहोटीचा मेळ फार छान जुळवता येतो. लक्ष्मणपूरच्या बाजूचा नैसर्गिक खडकाचा पूल ओहोटीलाच पाहायचा, कारण तेव्हाच तिथपर्यंत चालत जाता येते आणि वाटेतल्या डबक्यांत समुद्रकाकड्या, खेकडे, छोटे मासे दिसतात. भरतपूरच्या उथळ पाण्यात उतरायचे ते भरतीला. दोन्हींत सहा तासांचे अंतर असते, म्हणजे एकाच दिवसात दोन्ही होतात. मात्र नीलला एक रात्र मुक्काम हवा. सकाळी येऊन दुपारी परतणाऱ्याला यातले एकच मिळते, आणि अनेकदा चुकीच्या वेळी.

सर्वांत जपलेले प्रवाळ पाहायचे तर वंडूर. पोर्ट ब्लेअरपासून तीसेक किलोमीटरवर हे गाव आहे आणि तिथून महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात बोटी जातात. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या या उद्यानाचे क्षेत्र सुमारे २८१ चौरस किलोमीटर. पर्यटकांसाठी त्यातली दोनच बेटे उघडतात आणि तीही आलटून पालटून: कोरड्या हंगामात जॉली बॉय, पावसाळ्यात रेड स्किन. एक बेट माणसे पाहतात तेव्हा दुसऱ्याला विसावा मिळतो. परवाना आधी काढावा लागतो, आठवड्यातून एक दिवस बेटावर जाणे बंद असते आणि प्लास्टिकची बाटली, पिशवी, खाऊचे पाकीट काहीच नेऊ देत नाहीत. तपासणी कडक असते. हे जाचक वाटणाऱ्यांनी बेटावर पोहोचून पाणी पाहावे. नियमांचे फळ तिथे समोर दिसते.

पाण्यात उतरल्यावर भटकू नये. पहिल्यांदा जाणारा माणूस एका खडकावरून दुसऱ्याकडे पाय मारत सुटतो आणि त्याच्या आवाजाने मासे दडतात. एकाच जागी दहा मिनिटे निश्चल तरंगले की खालची वस्ती पुन्हा आपल्या कामाला लागते. समुद्रफुलाच्या बोटांसारख्या मऊ स्पर्शकांत विदूषक मासे लपतात. त्यातला सर्वांत मोठा तो मादी, बाकीचे नर. मादी मेली की तिचा जोडीदार नर मादी होतो आणि खालचा एक नर त्याच्या जागी येतो. महाकाय शिंपल्याचे निळे-हिरवे ओठ सावली पडताच मिटतात. पाण्यात कान बुडाले की करकर असा बारीक आवाज येतो, तो पोपटमाशांच्या चावण्याचा. चोचीसारख्या दातांनी ते खडकावरचे शेवाळ खरवडतात, त्याबरोबर चुनाही गिळतात आणि तो दळून बाहेर टाकतात. किनाऱ्यावरच्या पांढऱ्या वाळूचा बराच भाग या माशांच्या पोटातून आलेला असतो.

हात मात्र छातीशी बांधूनच ठेवायचे. दगडमासा खडकाशी एकरूप होऊन बसतो आणि त्याच्या पाठीचे काटे अतिशय विषारी असतात. सिंहमाशाचे पंखही तसेच, आणि सागरी साळूचे काटे पायात मोडले की काढणे कठीण. ट्रिगरफिश अंड्यांवर असेल तर चाल करून येतो, तेव्हा वर न जाता बाजूला सरकावे. खाऱ्या पाण्यातल्या मगरीही या बेटांवर आहेत. २०१० मध्ये हॅवलॉकला स्नॉर्केलिंग करणाऱ्या एका परदेशी तरुणीचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. तेव्हापासून या धोक्याकडे अधिक गांभीर्याने पाहिले जाते. खारफुटीजवळ, ओढ्याच्या मुखाशी, सूचनाफलक असेल तिथे आणि उजाडण्यापूर्वी किंवा तिन्हीसांजेला पाण्यात जायचे नाही. स्थानिक माणूस नको म्हणाला तर कारण न विचारता मागे फिरावे.

प्रवाळ मात्र माणसापुढे अगदीच दुबळे आहे. फांद्यांचे प्रवाळ वर्षाला दहाएक सेंटिमीटर वाढते. गोलाकार, मेंदूसारखे दिसणारे जेमतेम एक सेंटिमीटर. पायात घातलेल्या फिनच्या एका फटक्याने मोडलेला गोळा दोन पिढ्यांची वाढ घेऊन जातो. उष्णतेचे संकट त्याहून मोठे आहे. पाणी नेहमीच्या उन्हाळी कमालीपेक्षा एखादा अंश वर जाऊन काही आठवडे तसेच राहिले की प्रवाळ आपल्या अंगातले शेवाळ बाहेर टाकते आणि पांढरे पडते. लवकर थंडावा मिळाला तर सावरते, नाहीतर मरते. १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये अंदमानने हे सोसले आहे, आणि एप्रिल २०२४ मध्ये जगभरच्या प्रवाळांवरचे चौथे असे संकट जाहीर झाले. एप्रिलच्या अखेरीस जाणाऱ्याला पांढरे झालेले प्रवाळ दिसले तर ते सौंदर्य समजून फोटो काढत बसू नये. तो आजारी जीव आहे, त्याच्यापासून आणखी लांब राहावे. ब्रेडचे तुकडे टाकून मासे गोळा करणाऱ्या गाईडलाही नम्रपणे थांबवावे. पाव खाऊ लागलेला मासा शेवाळ खाणे सोडतो आणि ते प्रवाळावर वाढत जाते.

शिंपले आणि मेलेल्या प्रवाळाचे तुकडेही उचलू नयेत. प्रवाळ, सागरी पंखे आणि महाकाय शिंपले वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्याच रांगेत. वीर सावरकर विमानतळावर सामान तपासताना ते सापडले तर प्रकरण दंडावर निभावेलच असे नाही. लहान मुलांच्या खिशांकडे आदल्या रात्रीच लक्ष द्यावे.

राहता राहिला दिवसांचा हिशेब. सहा रात्रींची सहल असेल तर पहिली पोर्ट ब्लेअरला, मग दोन हॅवलॉकला, एक नीलला आणि शेवटच्या दोन पुन्हा पोर्ट ब्लेअरला ठेवाव्यात. खाजगी बोटी हॅवलॉकला दीड-दोन तासांत पोहोचवतात, पण वारा उठला की त्या रद्द होतात, आणि नीलहून त्याच दिवशी येऊन विमान गाठायचा बेत करणाऱ्यांचे अशा वेळी फार हाल होतात. म्हणून शेवटचा पूर्ण दिवस मोकळा सोडावा. बोट वेळेवर आली तर तो दिवस वंडूर आणि जॉली बॉयसाठी वापरता येतो. परवाना आधीच काढलेला असावा. स्कूबा केल्यावर अठरा ते चोवीस तास विमानात बसू नये असा दंडक आहे, कारण रक्तात विरघळलेला नायट्रोजन वर गेल्यावर बुडबुडे करतो. पृष्ठभागावरच्या स्नॉर्केलिंगला तो लागू नाही. घरातल्या कुणी स्कूबा करणारे असेल तर त्याची डुबकी हॅवलॉकच्या पहिल्या दिवशी लावावी आणि जॉली बॉयला त्याने इतरांबरोबर वरूनच पाहावे.